पावसाळा न पाहिलेली गाडी

मुलांनो, घरात एखादी नवी वस्तू आली की तुम्ही काय करता? खोके उघडता, वस्तू बाहेर काढता आणि खोक्याच्या तळाशी असलेला छापील कागद बाजूला टाकून देता. आमच्या घरीही असेच होत असे. त्या कागदाची किंमत मला कळली ती माझ्या चाचांच्या गाडीमुळे. तीच हकिकत आज तुम्हांला सांगते.

माझे चाचा देवगडला राहतात. वीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. आपली स्वतःची गाडी असावी, ही त्यांची जुनी इच्छा होती. शेवटी बँकेचे कर्ज काढून 11 नोव्हेंबर 2022 रोजी त्यांनी सात आसनांची एक नवी गाडी घेतली. किंमत 8,40,000 रुपये. दरमहा सुमारे 14,000 रुपयांचा हप्ता. विजयदुर्गचा किल्ला आणि कुणकेश्वरचे देऊळ पाहायला आलेल्या पाहुण्यांना फिरवायचे, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना कणकवली स्टेशनवरून घरी पोहोचवायचे, रात्री-अपरात्री गावातल्या आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे, असा त्यांचा धंदा. गाडी ते स्वतः चालवत. दुसऱ्या कोणाच्या हाती किल्ली देत नसत, अगदी स्वतःच्या मुलाच्याही नाही!

एप्रिल 2023. रमजानचा महिना संपत आला होता. ईदसाठी मुंबईची माणसे गावी येऊ लागली होती. सत्ताविसाव्या रोजाला, म्हणजे 19 एप्रिलला, सहेरी करून चाचा कणकवली स्टेशनकडे निघाले. जामसंडे गेले, तळेबाजार गेले. शिरगावच्या अलीकडे समोरच्या फलकावर तेलाचा लाल दिवा लागला. चाचांनी गाडी ताबडतोब रस्त्याच्या कडेला घेतली. पण तेवढ्यात खडखड असा मोठा आवाज होऊन इंजिन बंद पडले. पुन्हा किल्ली फिरवली तर इंजिन जागचे हलेना. गाडी तोवर फक्त 14,600 किलोमीटर चालली होती.

गाडी ओढून कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली. चाचांना काळजी होती ती ईदच्या भाड्यांची, खर्चाची नव्हे. कारण गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले होते, की 2 वर्षे किंवा 40,000 किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत, गाडीच्या एखाद्या भागात मूळचा दोष निघाला तर कंपनी तो भाग विनामूल्य दुरुस्त करून देईल किंवा बदलून देईल. यालाच वॉरंटी म्हणतात. मराठीत आपण त्याला 'हमी' म्हणतो. मात्र त्याच पानावर बारीक अक्षरांत आणखी काही ओळी होत्या. अपघात झाला, इंजिनात पाणी शिरले, चुकीचे तेल घातले, ठरलेल्या वेळी सर्व्हिसिंग केले नाही, तर ही हमी लागू होणार नाही, असे त्यांत म्हटले होते. या ओळी चाचांनी वाचल्या नव्हत्या. खरे सांगायचे तर मीही वाचल्या नव्हत्या.

दहा दिवसांनी वर्कशॉपमधून फोन आला. "इंजिनात पाणी शिरले आहे. वॉरंटी मिळणार नाही. दुरुस्तीला 1,85,000 रुपये लागतील."

चाचा सुन्न झाले. घरी आले आणि ओट्यावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी चाचीने हातांतल्या दोन बांगड्या काढून दिल्या. त्या सराफाकडे गहाण ठेवून दोन हप्ते भरले. मी सुट्टीत त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा ही गोष्ट मला कळली.

मी म्हणाले, "चाचा, आपण तक्रार करू."

चाचा म्हणाले, "नको बेटी. तकरार करून काय मिळणार? मोठी कंपनी आहे. उगाच भांडण कशाला?"

मुलांनो, इथे क्षणभर थांबा. चाचांचा आणि माझा शब्द एकच होता. पण अर्थ वेगळा होता. उर्दूत 'तकरार' म्हणजे हुज्जत, वादावादी. मराठीत 'तक्रार' म्हणजे आपल्यावर झालेला अन्याय योग्य ठिकाणी कळवणे. पहिलीत आवाज चढतो. दुसरीत कागद लागतो. मी चाचांना म्हणाले, "उर्दूतली तकरार नाही, मराठीतली तक्रार करू." ते हसले आणि उठून आत गेले. येताना प्लास्टिकची एक पिशवी घेऊन आले. तिच्यात गाडीचे सगळे कागद होते.

कागद पाहता पाहता माझ्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. गाडी घेतली नोव्हेंबरमध्ये. बंद पडली एप्रिलमध्ये. म्हणजे या गाडीने कोकणातला एकही पावसाळा पाहिला नव्हता! मग इंजिनात पाणी आले कोठून?

मी आनंदाने हे चाचांना सांगितले. पण रात्री विचार केला तेव्हा कळले, की केवळ तारखांनी सगळे सिद्ध होत नाही. कंपनी म्हणेल, गाडी खाडीच्या पाण्यात घातली असेल. धुताना इंजिनावर पाणी मारले असेल. कंपनीने तसे पुढे म्हटलेही. तारखा ही आमची सुरुवात होती, शेवट नव्हे.

पहिले काम म्हणजे नकार लेखी मिळवणे. फोनवरचा नकार हवेत विरून जातो. तो कोणी दिला, केव्हा दिला, कोणत्या कारणाने दिला, याचा काहीच पुरावा राहत नाही. वर्कशॉपने आधी टाळाटाळ केली. मी ई-मेल पाठवला, रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले. तेव्हा आठ दिवसांनी त्यांच्या छापील कागदावर उत्तर आले : 'पाणी शिरल्यामुळे इंजिन निकामी. वॉरंटी लागू नाही.' चाचा हिरमुसले. मी मात्र खूश झाले. आता कंपनी आपले कारण बदलू शकत नव्हती.

दुसरे काम उघडलेले इंजिन सांभाळण्याचे. काढलेले सुटे भाग भंगारात टाकू नयेत, असे आम्ही लेखी कळवले. चाचांनी तेथे जाऊन प्रत्येक भागाचे फोटो काढले आणि भाग गोणीत भरून तिचे तोंड सर्वांसमोर बंद करवले.

मग मी कंपनीच्या मुख्य कार्यालयाला पत्र लिहिले. तुम्हांला परीक्षेत 'पत्रलेखन' असते. बहुतेक मुले ते पाठ करून लिहितात. हे पत्र पाठ करू नका, समजून घ्या.

देवगड, जि. सिंधुदुर्ग
दिनांक : 8 मे 2023

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग.

विषय : वॉरंटीच्या मुदतीत बंद पडलेल्या इंजिनाची विनामूल्य दुरुस्ती करून मिळण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या कंपनीची गाडी दिनांक 11 नोव्हेंबर 2022 रोजी आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून खरेदी केली. गाडीच्या तिन्ही सर्व्हिसिंग ठरलेल्या वेळी अधिकृत वर्कशॉपमध्येच केल्या आहेत. दिनांक 19 एप्रिल 2023 रोजी गाडी 14,600 किलोमीटर चाललेली असताना तेलाचा लाल दिवा लागला. मी गाडी त्वरित थांबवली. त्याच वेळी इंजिन बंद पडले.

इंजिनात पाणी शिरल्याचे कारण देऊन वर्कशॉपने वॉरंटी नाकारली आहे. हे कारण मला मान्य नाही. गाडी पाण्यातून नेलेली नाही. पाणी शिरल्याची कोणती खूण इंजिनात आढळली, हे वर्कशॉपच्या पत्रात सांगितलेले नाही.

तरी हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत इंजिन विनामूल्य दुरुस्त करून किंवा बदलून द्यावे. तसे न झाल्यास मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

सोबत : खरेदीची पावती, वॉरंटी पुस्तिका, सर्व्हिसिंगच्या नोंदी आणि वर्कशॉपचे पत्र यांच्या नकला.

आपला विश्वासू,
(सही)

पाहा, या पत्रात राग कोठेही नाही. बांगड्यांचा उल्लेख नाही. चाचा म्हणत होते, "माझे किती हाल झाले ते लिही ना!" मी म्हणाले, ते आयोगापुढे लिहू, या पत्रात तारीख, किलोमीटर आणि मागणी एवढेच पुरे. आणि मूळ कागद पाठवले नाहीत, नकला पाठवल्या. मूळ कागद आपल्याजवळच ठेवायचे असतात.

पंधरा दिवस गेले. उत्तर नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. ती मोफत आहे आणि अनेक तक्रारी तिथेच मिटतात. आमची मिटली नाही. कंपनीने तेच उत्तर पुन्हा पाठवले.

आता ग्राहक आयोग. पण हा आयोग आला कोठून? पूर्वी फसलेल्या ग्राहकाला दिवाणी न्यायालयात जावे लागे. तिथे वकील हवा, पैसा हवा आणि वर्षानुवर्षे धीर हवा. महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. ग्राहकाने एकटे राहू नये, संघटित व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. 24 डिसेंबर 1986 रोजी देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. म्हणूनच 24 डिसेंबर हा आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. त्या कायद्याची जागा आता 2019 च्या नव्या कायद्याने घेतली आहे. तो 20 जुलै 2020 पासून लागू झाला. पूर्वी ज्याला 'ग्राहक मंच' म्हणत, त्याला आता 'जिल्हा ग्राहक आयोग' म्हणतात. वस्तूसाठी दिलेली किंमत 50 लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करायची. त्यावर राज्य आयोग आणि त्याही वर दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.

नव्या कायद्यातील एक गोष्ट आपल्यासारख्या गावाकडच्या लोकांच्या फार सोयीची आहे. ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय कितीही दूर असो, चाचांना तिकडे जावे लागले नाही. नांदगाव तिठा, कणकवली आणि मग ओरोसची सिंधुदुर्गनगरी, एवढाच प्रवास! शुल्कही थोडे असते. 5 लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूला काहीच नाही. 5 ते 10 लाखांच्या वस्तूला 200 रुपये. चाचांनी 200 रुपये भरले. वकील केलाच पाहिजे, अशी सक्तीही नाही. आम्ही केला नाही. मात्र एका ओळखीच्या वकिलांना तक्रार वाचून दाखवली, आणि ते बरे झाले.

कारण माझ्या पहिल्या मसुद्यात दोन चुका होत्या.

पहिली चूक अशी, की मी 'कंपनी' असा एकच शब्द सगळीकडे लिहिला होता. वकील म्हणाले, "गाडी बनवणारी कंपनी वेगळी, विकणारा विक्रेता वेगळा. कोणाचा काय दोष, ते वेगवेगळे लिहा." त्यांनी शेजारच्या गोव्यातील एक खटला सांगितला. तेथील एका ग्राहकाने 2011 सालच्या गाडीचे पैसे भरले. त्याला मिळाली ती 2009 साली बनलेली आणि आधीच 622 किलोमीटर चाललेली गाडी! चासी क्रमांकावरून हे उघड झाले. खालच्या आयोगांनी विक्रेता आणि टाटा मोटर्स ही उत्पादक कंपनी, दोघांनाही जबाबदार धरले. पण 18 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला जबाबदारीतून मुक्त केले. विक्रेता आणि कंपनी हे करारानुसार दोन स्वतंत्र व्यापारी होते आणि या प्रकारात कंपनीचा नेमका दोष काय, ते तक्रारीत दाखवलेले नव्हते. जबाबदारी उरली ती विक्रेत्यावर. म्हणून आम्ही लिहिले : हमी दिली उत्पादकाने, ती नाकारली वर्कशॉप चालवणाऱ्या विक्रेत्याने आणि आमच्या पत्रानंतरही उत्पादकाने तो नकार कायम ठेवला.

दुसरी चूक चाचांच्या हट्टाची होती. त्यांना नवी कोरी गाडी हवी होती. मीही तसेच लिहिले होते. वकिलांनी 2006 सालचा मारुती कंपनीचा निकाल दाखवला. तेथे जम्मूच्या एका ग्राहकाच्या गाडीत क्लचचा बिघाड होता. गाडीच बदलून द्या, असा आदेश खाली झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. हमीपत्रात सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे वचन होते, संपूर्ण गाडी बदलण्याचे नव्हते. हे ऐकून चाचा नाराज झाले. पण जे लिहून दिले आहे तेच हक्काने मागता येते, हे त्यांनाही पटले. आम्ही मागणी बदलली : इंजिन विनामूल्य द्या आणि बुडालेल्या कमाईची भरपाई द्या.

तक्रारीबरोबर हलफनामा जोडावा लागतो. मराठीत त्याला 'प्रतिज्ञापत्र' म्हणतात. गाहक म्हणजे ग्राहक, रसीद म्हणजे पावती. अर्ज, मुदत, वकील, तारीख हे शब्द तर दोन्ही घरचे आहेत. फक्त 'शिक्का' या शब्दाने चाचा गोंधळले. उर्दूत सिक्का म्हणजे नाणे. कारकुनाने "शिक्का हवा" म्हटल्यावर चाचांचा हात खिशाकडे गेला!

जुलै 2023 मध्ये तक्रार दाखल झाली. कंपनीला उत्तर देण्यासाठी कायद्याने 30 दिवस मिळतात, फार तर आणखी 15. त्यापुढे एक दिवसही वाढवता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 4 मार्च 2020 रोजी दिला आहे. कंपनीचे उत्तर मुदतीच्या अगदी टोकाला आले. त्यात पाण्याची गोष्ट होतीच, शिवाय एक नवा मुद्दा होता : 'तक्रारदार भाडे घेऊन गाडी चालवतो. हा व्यापार आहे. म्हणून तो ग्राहकच नाही.'

हे वाचून माझे हातपाय गार पडले. कायद्यात खरोखरच असे आहे, की व्यापारासाठी वस्तू घेणारा माणूस ग्राहक ठरत नाही. पण पुढची ओळही वाचायला हवी. जो माणूस केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेतो, तो ग्राहकच असतो. 1995 साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचे सोपे उदाहरण दिले आहे. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा घेणारा माणूस ग्राहक आहे. स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणाराही ग्राहक आहे. चाचांकडे गाडी एकच होती. चालकही तेच होते. जी किल्ली त्यांनी मुलाच्या हातीही दिली नव्हती, ती आता आमच्या बाजूने बोलू लागली.

राहिला प्रश्न पाण्याचा. आम्ही अर्ज केला, की इंजिन तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे. वस्तूतील दोष नुसता पाहून ठरत नसेल, तर आयोग ती योग्य प्रयोगशाळेकडे किंवा जाणकाराकडे तपासणीस पाठवू शकतो. तपासणीची फी चाचांनी भरली. एका शासकीय तंत्रनिकेतनातील प्राध्यापक आले. दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर गोणी उघडली गेली. मीही तेथे होते.

मुलांनो, विज्ञानाच्या तासाला एक छोटा प्रयोग करून पाहा. सुई काढलेली पिचकारी घ्या. तिच्यात हवा भरा, तोंडावर बोट दाबून धरा आणि दट्ट्या आत ढकला. हवा दबते, दट्ट्या आत जातो. आता पिचकारीत पाणी भरून तसेच करा. दट्ट्या हलणार नाही. पाणी दबत नाही. इंजिनातही असेच असते. नळकांड्यात दट्ट्या वरखाली होतो आणि हवा दाबतो. त्या जागी पाणी आले, की दट्ट्या अडतो. पण खालून जोर चालूच असतो. मग दट्ट्याला जोडलेला लोखंडी दांडा वाकतो. पाणी शिरल्याची ही मोठी खूण. शिवाय पाणी बहुधा हवेच्या वाटेने येते, म्हणून हवेच्या गाळणीवर ओल, चिखल किंवा डाग सापडतात.

प्राध्यापकांनी चारही दांडे सपाट काचेवर ठेवून मोजले. चारही सरळ! हवेची गाळणी पाहिली. तिच्यावर देवगडच्या रस्त्याची तांबडी धूळ होती, ओलीचा डाग नव्हता. मग त्यांनी मोठ्या दांड्याला धरून ठेवणारी बेअरिंगे हातात घेतली. ती खरवडलेली आणि काळीनिळी पडलेली होती. तेल न मिळाल्यामुळे धातूवर धातू घासला गेला होता. शेवटी तेलाचा पंप उघडला. त्याची झडप अडकून बसली होती. लाल दिवा खरे बोलला होता.

त्या वेळी वर्कशॉपचा तरुण मेकॅनिक माझ्या शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "मॅडम, मी पहिल्याच दिवशी तेलाचा पंप म्हणून लिहिलं होतं." मी त्याच्याकडे पाहिले. तो लगेच दुसरीकडे बघू लागला. त्याचे नाव मी कोठेही लिहिले नाही, आयोगापुढेही नाही. त्याची नोकरी गेली असती. मी बरोबर केले की चूक, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तज्ज्ञाचा अहवाल पुरेसा होता, एवढेच मी स्वतःला सांगते.

अहवाल दाखल झाल्यानंतर कंपनीचे वकील नरमले. त्याआधी त्यांनी दोनदा पुढची तारीख मागून घेतली होती. वस्तूची तपासणी लागणारी तक्रार शक्यतो 5 महिन्यांत निकाली काढावी, असे कायदा म्हणतो. आम्हांला 14 महिने लागले. सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीने तडजोडीचा प्रस्ताव ठेवला : नवे इंजिन विनामूल्य बसवून देऊ, त्यावर नवी हमी देऊ आणि 40,000 रुपये भरपाई देऊ.

मला हे मान्य नव्हते. चाचांचे नुकसान त्याच्या कितीतरी पट होते. दोन ईद, दोन मे महिने, सगळा हंगाम गेला होता. त्या काळात ते आंब्याच्या पेट्या भरण्याच्या कामाला जात होते आणि रात्री दुसऱ्याची गाडी चालवत होते. मी म्हणाले, "चाचा, अहवाल आपल्या बाजूने आहे. आपण लढू."

चाचा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बेटी, तू बरोबर बोलतेस. पण निकाल लागला की ते अपिलात जातील. मुंबईला. मग दिल्लीला. आणि गाडी तोपर्यंत तिथेच गंजत राहील. मला इंजिन दे. मी चालवीन, मी कमवीन."

अपिलाला निकालापासून 45 दिवसांची मुदत असते आणि पुढे किती काळ जाईल, हे कोणी सांगू शकत नाही. गाडी त्यांची होती, हप्ते त्यांचे होते. मी मुकाट्याने तडजोडीच्या मसुद्याचा शब्द न् शब्द त्यांना वाचून दाखवला. 'नवे इंजिन' या शब्दांपुढे 'कारखान्यातून आलेले, न वापरलेले' असे लिहून घेतले. किती दिवसांत बसवून देणार, तेही घातले. तडजोड आयोगापुढे नोंदवली गेली, तेव्हाच चाचांनी सही केली.

गाडी ऑक्टोबरमध्ये परत आली. त्या वर्षीचाही पावसाळा तेव्हा सरला होता! 40,000 रुपयांतून चाचांनी आधी बँकेचे थकलेले हप्ते भरले. उरलेल्या पैशांत व्याजासह एक बांगडी सुटली. दुसरी सोडवायला पुढचा मे महिना उजाडला. ती हातात घालताना चाची म्हणाली, "ही थोडी घट्ट झाली गं," आणि साबण लावून तिने ती चढवली.

स्वाध्याय

1. वर्कशॉपचा लेखी नकार आल्यावर चाचा हिरमुसले, पण लेखिका खूश झाली. असे का झाले?

2. 'तकरार' आणि 'तक्रार', 'सिक्का' आणि 'शिक्का' यांसारख्या शब्दांच्या आणखी दोन जोड्या शोधा. उर्दूत आणि मराठीत त्यांचा अर्थ कसा बदलतो, ते वाक्यांत वापरून दाखवा.

3. इंजिनात पाणी शिरले नव्हते, हे प्राध्यापकांनी कोणत्या खुणांवरून ओळखले?

4. चाचांनी तडजोड स्वीकारली. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते? आठ-दहा ओळी लिहा.

5. तुमच्या घरातील पंखा, सायकल किंवा शिवणयंत्र यांपैकी एका वस्तूची पावती आणि हमीपत्र शोधून काढा. ती वस्तू मुदतीत बिघडली आहे, असे समजून दुकानदाराला पत्र लिहा. पावती सापडली नाही, तर घरच्या मोठ्या माणसांना विचारा, ती कोठे गेली?